उघड्या हाताचं माप

रविवारचं जेवण खाली, कातरकामाच्या टेबलावर व्हायचं. आप्पांच्या बायकोनं घातलेली ही पद्धत ती गेल्यावरही कुणी मोडली नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सगळी एकदम बसली तर कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी ताटात जायचंच. हातमोजे शिवणाऱ्या घराला कातड्याचा वास जेवताना खटकत नाही. उलट आप्पांचा धाकटा मुलगा म्हणायचा की बाहेर जेवलं की चव कमी लागते, वासच नसतो.

आत्या वाढत होती आणि वाढता वाढता माणसं जोखत होती. आप्पांची ही सगळ्यात मोठी लेक; कारखान्यातली शिलाई तिच्या हाताखाली चाले आणि घरातली माणसं तिच्या नजरेखाली. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाकडे मीठ सरकवलं, कुणी मागितल्यावरच सरकवलं, एवढ्यावर ती घराचा जमाखर्च मांडायची, आणि तो सहसा चुकत नसे.

आज आप्पांचा थोरला मुलगा आणि त्याची बायको शेजारी बसली होती. ही बातमीच होती. नव्या शिवणयंत्रावरून झालेल्या भांडणानंतर दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसायची आणि पाण्याचा तांब्या मधल्या माणसांच्या हातून प्रवास करायचा. आता मात्र तह झाला होता. लेकीला डॉक्टर करायचं, या एका गोष्टीवर नवराबायको एक झाली होती, आणि आत्याच्या मते पोरीनं वेगळं काही ठरवलं तर शिवणयंत्राचं भांडणही पुन्हा उकरलं जाणार होतं.

आणि पोरीनं वेगळंच ठरवलं होतं.

तिला घरात सगळे उचापती म्हणत. दिसेल ते उघडून बघायची लहानपणापासूनची खोड. शाळा संपत आली होती आणि पुढं काय शिकायचं त्याची पहिली पसंती उद्या सकाळी शाळेत सांगायची होती, घरच्यांच्या संमतीनं. त्यासाठीच विद्यापीठानं शाळेच्या मुलांना बोलावून विषयांची ओळख करून दिली होती. थोरल्यानं तिला डॉक्टरीच्या दालनात बसायला पाठवलं होतं. ती परत आली ती पुठ्ठ्याचा एक हात घेऊन.

तो हात आत्ता टेबलाच्या कडेला, पावाच्या टोपलीशेजारी पडला होता. पुठ्ठ्याचा तळवा, बोटांना सरबत प्यायच्या नळ्यांचे तुकडे, नळ्यांतून ओवलेला दोरा. मनगटाशी दोरे ओढले की बोटं वळायची.

"मला एक कळत नाही," थोरला बटाटा सोलत म्हणाला. "तुला डॉक्टरीच्या खोलीत पाठवलं, तू शेजारच्या खोलीत कशी गेलीस?"

"रांग मोठी होती, बाबा. शेजारी बसायला जागा होती."

"म्हणजे जागा रिकामी होती म्हणून विषय आवडला."

"जागा होती म्हणून बसले. आवडलं म्हणून उठले नाही."

धाकटा हसला. थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं तसा त्यानं हसू घासाबरोबर गिळलं. धाकटा दुकानाची विक्री बघायचा. गिऱ्हाईक म्हणेल ते 'बरोबर आहे तुमचं' म्हणायची त्याला सवय, ती घरीही सुटत नसे. सकाळपासून त्यानं भावाला एकदा आणि पुतणीला एकदा बरोबर ठरवलं होतं. आत्यानं त्याला कुठल्याच बाजूला धरला नव्हता.

"नाव तरी काय त्या विषयाचं?" त्यानं विचारलं.

"बायोमेडिकल इंजिनिअरिंग."

"नावातच दम लागला," धाकटा म्हणाला.

"ना धड डॉक्टर, ना धड इंजिनिअर," वहिनी म्हणाली. थोरल्याची बायको रुग्णालयाच्या खिडकीवर बसायची, कुणाला कुठल्या डॉक्टरकडे पाठवायचं ते बघायला. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशातली गत."

"आई, तिथल्या बाई काय म्हणाल्या माहितेय? शरीराला पाहुणा चालत नाही. बाहेरचं काही आत घातलं, साधा खिळा जरी, तरी शरीर त्याच्याशी भांडतं, त्याला वेगळं पाडतं, नाहीतर बाहेर काढायला बघतं. मग त्या घरात निभावून जाईल असं काहीतरी बनवायचं. हाडाजवळ राहील, रक्तात राहील, कुणाला टोचणार नाही आणि आपलं कामही करील. तोच हा विषय."

वहिनी घास थांबवून म्हणाली, "म्हणजे सून."

सगळं टेबल हसलं. थोरलासुद्धा. आप्पांनी कानाला हात लावून विचारलं, काय झालं. भांडणाची चाहूल लागली की आप्पा कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवत, आणि शांतता झाली की पुन्हा घालत. आत्ता ते वाटीतच होतं.

"आप्पा, घाला ते," उचापती मोठ्यानं म्हणाली. "माझ्या बाजूचा साक्षीदार आहे तो."

आप्पांनी यंत्र कानात सरकवलं. ते जरा शिटी वाजवून गप्प झालं.

"हे कुणी बनवलं?" पोरगी वडिलांना म्हणाली. "कान कसा ऐकतो ते ठाऊक नसलेल्याला जमलं असतं? आणि नुसता कान ठाऊक असून जमलं असतं?"

"आणि डॉक्टरनं काय केलं मग?"

"डॉक्टरांनी सांगितलं कुठल्या कानात घालायचं."

"तेही चुकीचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं," आप्पा म्हणाले. "या कानाशी थोरला बसतो."

आत्यानं मनातल्या मनात आप्पांना नातीच्या बाजूला लिहिलं. पण थोरल्याचं तोंड तिला दिसत होतं. हसू ओसरलं होतं आणि खाली जे उरलं होतं ते रागाचं नव्हतं. त्याची अडचण आत्याला ठाऊक होती. गेलं वर्षभर त्यानं माप घेता घेता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, आमची पोरगी डॉक्टर होणार. माळीकाम करणाऱ्यांना, घोड्यावर बसणाऱ्यांना, वेल्डिंगवाल्यांना. एखाद्याला तर त्यानं न विचारताच, पुडीला गाठ मारताना सांगितलं होतं. आता ते सगळं परत घ्यायचं म्हणजे विकलेला माल दारोदार जाऊन परत आणायचा.

"रुग्णालयात आहे एक तसला," वहिनी एकदम म्हणाली. तिचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "तळघरात बसतो. मशिनं बिघडली की त्याला बोलावतात. नाव कुणाला माहीत नाही. 'अहो मशीनवाले' म्हणतात. डॉक्टर आले की माझ्या खिडकीसमोरची माणसं उठून उभी राहतात. तो आला की पाय आखडून वाट देतात, एवढंच. मला वाटतं, तुझ्यासाठी माणसं उठावीत. यात माझं काय चुकलं?"

उचापतीनं पुठ्ठ्याच्या हाताचा गुंतलेला दोरा सोडवायला घेतला. बरं केलं, आत्याला वाटलं. आईला पटकन उत्तर दिलं की आई दुसऱ्या दिवशी त्याचं व्याज लावते.

आत्याचंही एक मत होतं. ते तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. पोरीचा टाका सरळ होता. अंगठ्याचा तुकडा बसवणं हे हातमोज्यातलं सगळ्यात नाजूक काम, ते ती शाळेच्या सुट्टीत बघून बघून शिकली होती. आत्याला वाटायचं, डॉक्टरी जमली नाही तर बरं. मग ही कारखान्यात येईल. असली इच्छा उघड करता येत नाही, म्हणून ती ताटं उचलायला लागली.

ताटं गेली, पांढरं कापड घडी होऊन गेलं, टेबलाचं लाकूड उघडं पडलं. पुठ्ठ्याचा हात मध्ये आला.

"काय करतो हा?" आप्पांनी विचारलं.

"अंडं उचलायचं होतं. या वाटीतून त्या वाटीत. बोटं वळतात, पण पुठ्ठा गुळगुळीत. अंडं निसटतं. आमच्या गटाची सगळी अंडी फुटली."

"मग मोजा घाला की त्याला," धाकटा म्हणाला.

असं काही तो नेहमी बोलून जायचा आणि विसरायचा. पण यावेळी टेबलाभोवती हातमोजेवाले बसले होते आणि त्यांच्यासमोर एक उघडा हात होता. थोरल्यानं तो उचलला. उलटा केला. बोटांच्या मधल्या फटी अंगठ्यानं चाचपल्या.

"करंगळी लांब झालीय," तो म्हणाला.

"नळी तेवढीच होती."

"हं." त्यानं खिशातून फीत काढली. हात टेबलावर उताणा ठेवला, बोटं सरळ केली आणि माप घेतलं. त्याच्या वडिलांनी तसंच घेतलं होतं, त्यांच्याही वडिलांनी. या दुकानात माप उघड्या हाताचंच, टेबलावर पसरलेल्या. "ताई, त्या दिवशीचं कोकराचं कातडं उरलंय का?"

ताई, म्हणजे आत्या, आधीच कपाटाशी गेली होती.

मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. धाकट्यानं कातडं ओलसर फडक्यात गुंडाळलं. थोरल्यानं ते टेबलाच्या कडेवर ताणलं, ओढलं, पुन्हा ताणलं, कापलं. वहिनी म्हणाली मला काय त्यातलं कळतंय, आणि बोटांमधल्या पट्ट्या वेगळ्या काढून ओळीनं मांडू लागली. आत्या शिवायला बसली. अंगठ्याच्या तुकड्याशी आली तेव्हा ती नुसती सरकून बसली. पोरगी शेजारी आली आणि अंगठा तिनं बसवला. आप्पा मध्येच शिवण बोटानं तपासत होते आणि कुणाला काही सांगत नव्हते, म्हणजे शिवण बरी होती.

सकाळपासून ज्या घरात एकाचं दुसऱ्याला पटत नव्हतं, ते घर आता 'ते दे', 'हे धर', 'ओढ जरा' एवढ्यावर चाललं होतं. आत्याला वाटलं, आपली माणसं बोलली की बिघडतात.

मोजा झाला. सुरेख झाला. या घराची एक म्हण होती, तिन्ही पिढ्या गिऱ्हाइकाला ऐकवत आलेली: आमचा मोजा चढवायला वेळ लागतो, उतरवायला मन होत नाही. थोरल्यानं तो पुठ्ठ्याच्या हातावर बोट बोट करून चढवला. कुठे सुरकुती नाही, कुठे फुगा नाही. खरा हात ठेवलाय असं वाटावं.

"आता बघ," तो लेकीला म्हणाला. "अंडं आणा."

वहिनीनं अंडं आणलं. उचापतीनं मनगटाशी दोरे ओढले.

बोटं हलली नाहीत.

तिनं जोर केला. मधलं बोट किंचित थरथरलं आणि परत सरळ झालं. अजून जोर केला तेव्हा आत कुठेतरी पुठ्ठा वाकल्याचा आवाज आला.

"दोरा कच्चा आहे," थोरला म्हणाला.

"दोरा चांगला आहे, बाबा."

"मग पुठ्ठा कच्चा."

"मोजा पक्का आहे," धाकटा म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. "इतका पक्का की हाताला हात म्हणून राहू देत नाही."

थोरल्याला हे लागलं. आत्याला दिसलं. तिलाही लागलं होतं, शिलाई तिची होती. पण उचापती मोजा घातलेल्या हातावर वाकली होती आणि तिचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. तिनं आपला स्वतःचा हात शेजारी ठेवला. बोटं सरळ केली, मग मूठ वळली. पुन्हा सरळ, पुन्हा मूठ. मग वडिलांची फीत घेतली आणि स्वतःच्या मधल्या बोटाच्या पाठीवर धरली.

"हे बघा. सरळ आहे तेव्हा एवढं. वळलं की सांध्यावर एवढं जास्त लागतं. आतल्या बाजूला उलट कमी, तिथं गोळा होतं. आपला हात हे कातडं ओढून घेतो, कारण आपल्यात जोर आहे. याच्यात नाही. याला दोऱ्याएवढाच जोर."

"म्हणजे मोजा ढिला हवा," वहिनी म्हणाली.

"ढिला केला तर अंडं निसटेल, आई. कातडं मऊ पडेल, सुरकुत्या येतील."

"मग किती ढिला?" थोरल्यानं विचारलं.

आत्या सुई डबीत ठेवता ठेवता थांबली. मापाबद्दल थोरल्यानं कुणाला काही विचारलेलं तिला आठवत नव्हतं. गिऱ्हाइकाला तो त्याच्या हाताबद्दलही विचारत नसे, सांगत असे.

"माहीत नाही," पोरगी म्हणाली.

"त्या विद्यापीठातल्या बाईंना माहीत असेल."

"पुठ्ठ्याच्या हाताचं असेल. पण खरा कृत्रिम हात असेल, आणि ज्याला लावायचा त्याचं मनगट कसं आहे, त्याला त्या हातानं काय धरायचंय, उन्हात की पाण्यात, कातडी कुठे घासते... ते दर वेळी काढावं लागतं. त्याला गणित लागतं, भौतिकशास्त्र लागतं, शरीर माहीत असावं लागतं. तेच तर शिकायचंय."

"आणि कातडं माहीत असावं लागतं," थोरला म्हणाला.

"ते मला माहितेय थोडं."

"थोडं," आत्या म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा आवाज मऊ निघाला.

थोरल्यानं मोजा उतरवला. उतरवायला त्याला वेळ लागला, मन होत नव्हतं म्हणून नव्हे, फार घट्ट होता म्हणून. मग त्यानं नवीन तुकडा ओढला. लेकीनं सांध्यांवर खुणा केल्या, तो खुणांवर जरा जास्त सोडून कापू लागला. मध्येच त्यानं कात्री थांबवली, स्वतःची मूठ वळली, सोडली, आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटून पुन्हा कापू लागला. दुसरा मोजा वळला, पण अंड्यावरून घसरला. तिसऱ्यात त्यांनी तळव्याचं कातडं उलटं लावलं, खरखरीत बाजू बाहेर. ही कल्पना वहिनीची. तिला कातड्यातलं कळत नाही असं तिचं म्हणणं अजून कायम होतं.

तिसऱ्या मोज्यानं अंडं उचललं. दुसऱ्या वाटीपर्यंत नेलं. वाटीच्या काठावर आपटून फोडलं.

"पोहोचलं तर खरं," आप्पा म्हणाले.

टेबल पुसताना वहिनी लेकीला म्हणाली, "तो तळघरातला माणूस. मी उद्या त्याला विचारते, काय शिकला, कुठे शिकला. आणि नाव विचारते." फडकं पिळून म्हणाली, "डबा खातो एकटाच. खिडकीशी बोलावलं तर येईल बहुतेक."

हे होकारात धरायचं की नाही, आत्यानं विचार केला आणि धरलं. दिवे लावायच्या वेळी थोरल्यानं पेन मागितलं आणि लेकीनं पुढं केलेल्या संमतीच्या कागदावर सही केली, आणि वर न बघता म्हणाला, "त्या विषयाचं नाव सुटं सुटं लिहून दे मला. पाठ करायला पाहिजे." आत्यानं आपली न बोललेली इच्छा उचलून कपाटात ठेवली. फेकली नाही. कातड्याच्या घरात काहीच फेकत नाहीत.

सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या आल्या त्या बस चालवणाऱ्या बाई. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्यांचा मोजा नेहमी एकाच जागी उसवायचा, बोटांच्या सांध्यांवर, आणि थोरला नेहमी सांगायचा, तुम्ही चाक फार आवळून धरता.

"पुन्हा गेला," बाई म्हणाल्या आणि सवयीनं हात टेबलावर पसरून ठेवला. "नवीनच करा. आणि तुमची डॉक्टरीण कुठे? दिसत नाही."

आत्या मागच्या मशीनवर होती. नीट ऐकू यावं म्हणून तिनं पाय थांबवला.

"शाळेत गेलीय," थोरला म्हणाला. त्यानं फीत घेतली. "डॉक्टर नाही व्हायची ती."

"अगंबाई. का? मार्क कमी पडले का?"

"नाही नाही. मार्क भरपूर आहेत." तो फीत हातात धरून जरा उभा राहिला. आत्याला वाटलं, आता तो तिच्याकडे मदतीला बघणार. त्यानं बघितलं नाही. त्यानं बाईंच्या उघड्या हाताचं माप घेतलं, कागदावर मांडलं, पण फीत गुंडाळली नाही.

"मग काय करणार आहे ती?"

"सांगतो," थोरला म्हणाला. "जरा मूठ वळा बघू. चाक धरता तशी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या दुकानात त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी मूठ वळली. थोरला खाली वाकला आणि सांध्यांवरून फीत धरून सांगू लागला.